श्वासापुरती जागा

४ जून, दुपार

घुम्या,

आशीर्वाद राखून ठेवलेत. आधी ऐकून घे, मग देते.

पाकिटावरचं अक्षर बघून हात थांबला असेल तुझा. थांबू दे. तुझी आई म्हणाली होती, मी लिहून देते. पण ती लिहायला बसली की मी आजी राहत नाही, पाणीपट्टीची नोटीस होते. खालचा औषधवाला तयार होता, पण डॉक्टरांचं वाचून वाचून त्याचंही अक्षर गेलंय. मग उरलं कोण? तुझी बहीण. समोर बसलीय, ओठ मिटून, जसं काही मी तिच्याकडून खंडणीची चिठ्ठी लिहून घेतेय. अट घातलीय मी : आजी बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं. आपलं घालायचं नाही, माझं गाळायचं नाही. मला वाचता येत नाही, पण औषधवाल्याला येतं, आणि जिना मला अजून उतरता येतो.

फोन का नाही करत, विचारशील. फोनवर तू "हं" म्हणतोस. जेवलास का? हं. बरा आहेस का? हं. मागच्या वेळी मी म्हटलं, अरे घराला आग लागलीय. तर म्हणालास, हं. लहानपणी तुला घुम्या नाव पडलं ते उगाच नाही. तोंडाने बोलत नाहीस म्हणून तर गिटारला एवढं ओरडायला लावतोस.

तर आता त्या रविवारचं. मी सगळं मनातल्या मनात पुन्हा लावून बघितलं. वर्षभर तुम्ही दोघं मागच्या खोलीत घुसून गाणं रचत होतात. तुझा बँड धडाडधूम वाजवणार आणि मधल्या जागेत ही तिचं भराभर बोलणार. रॅप म्हणतात त्याला, माहीत आहे मला. लिही गं, "माहीत आहे" लिही. त्या बोलण्यातली निम्मी वाक्यं माझीच आहेत, मी तुम्हाला झापताना वापरलेली. हिने ती उचलली, तालात बसवली आणि स्वतःला "कात्री" म्हणवून आपली म्हणून खपवली. मी काही म्हटलं? उलट खूश होते. म्हटलं, चला, आयुष्यभर फुकट बोलले, आता माझी बडबड माइकवर जाईल.

मग तो रविवार. तयार झालेलं गाणं ऐकायला सगळे जमलेले. तुझी आई, औषधवाला, आणि तुझा तो ड्रमवाला जाड्या, बिस्किटांच्या डब्याशेजारी. आधी तुझी गिटार आली, छान आली, खिडकीची काच हलली. मग जाड्या आला. मग ही बोलायला लागली आणि मी चहाचा कप खाली ठेवला. आवाज हिचाच, पण कसा? शब्दाच्या पाठीवर शब्द, एकालाही टेकायला जागा नाही. मला वाटलं पोरगी पाण्याखालून बोलतेय, आता गुदमरेल.

ही म्हणाली, "माझे श्वास कुठायत?"

तू म्हणालास, "जागा नव्हती."

ही म्हणाली, "म्हणून कापलेस? श्वास?"

त्यानंतर जे झालं ते जाड्यासुद्धा तोंडातलं बिस्किट न चावता ऐकत होता. तू म्हणालास, तुला गाणं कळत नाही, तुला नुसतं बोलता येतं. ही म्हणाली, तुझा बँड म्हणजे जिन्यावरून घरंगळलेली भांडी. (तिला हे लिहिताना जरा आनंद झालेला दिसतोय.) आणि शेवटी ओरडली, "काढून टाक माझा आवाज त्यातून."

आणि शहाण्या, तू काढून टाकलास! अरे, रागाच्या भरात माणूस म्हणतं, मसणात जा. म्हणून कुणी पिशवी भरून निघतं का? तू निघालास. गिटार घेतलीस, तो कपाटाएवढा स्पीकर घेतलास आणि त्या दुसऱ्या शहरात बँडच्या खोलीवर जाऊन बसलास.

परवा जाड्याने तुझ्या आईला फोनवर सांगितलं की हिच्या रिकाम्या जागेत आता ती मोठी गायिका गाणार आहे. ती गुळगुळीत, जिचा फोटो शाम्पूच्या बाटलीवर असतो. गाणं काढणाऱ्या कंपनीने ठरवलंय म्हणे, महिनाअखेरीस येणार. ही तेव्हा इस्त्री करत होती. आईच्या निळ्या ब्लाउजवर आता होडीच्या आकाराचा डाग आहे.

ती बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही. केस चांगले आहेत तिचे. पण ती एकदा गायली की संपलं. मग तुम्ही दोघं कुणाच्या तरी लग्नात भेटाल, नाहीतर माझ्या मयताला. कशी आहेस? बरी. तू? बरा. आणि मी आडवी पडल्या पडल्या ऐकणार, उठून दोघांना फटके देता येणार नाहीत.

तेव्हा उत्तर पाठव. "हं" नको.

तुझी आजी

(खालचा डाग माझा अंगठा आहे. चहा नाही.)

१३ जून, सकाळ

घुम्या,

तुझं पत्र आलं. एका पानाचं! मी तर घाबरले, म्हटलं हा आजारी आहे की काय. तुझ्या बहिणीने वाचून दाखवलं, पण कसं? स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात तसं. एका सुरात, नजर वर न करता. मी म्हटलं, पुन्हा वाच, माणसासारखं वाच. दुसऱ्यांदा वाचताना मधे एकदा घसा खाकरला तिने. धूळ गेली म्हणाली. असेल. खोली आत्ताच झाडली होती, पण असेल.

तर मला जे समजलं ते असं. चुकलं तर सांग. तुम्ही बँडवाले एका खोलीत, एकदम, सगळे मिळून वाजवता. आणि जाड्याच्या अंगात आलं की तो पळत सुटतो. सुरुवातीला चालत असतो, मधे धावायला लागतो, आणि तुम्ही सगळे त्याच्या मागे. हिने मात्र तिचे शब्द आधीच, घरी, गाणं चालत होतं तेव्हाच्या चालीवर बोलून दिले होते. तिची जागा येईपर्यंत गाणं पार पुढच्या गल्लीत गेलेलं. शब्द मावेनात. कंपनीचा माणूस म्हणाला, निम्मे शब्द उडव. तू म्हणालास, एकही नाही. आणि शब्द वाचवायचे म्हणून श्वास कापलेस.

"एकही शब्द गेला नाही, आजी" असं लिहिलंयस तू. हे वाक्य तिने दोन्ही वेळा हळू वाचलं, एवढं तुला सांगून ठेवते.

बाळा, मला बरं वाटलं. म्हणजे तू दुष्ट नाहीस, नुसता मूर्ख आहेस. मूर्खपणाला औषध असतं.

पण एक गोष्ट तू विसरलास की काय, अशी मला शंका आहे. आता बघ हं, हिने पेन खाली ठेवलंय. "आजी, हे नको" म्हणतेय. का नको? शब्दाला शब्द ठरलंय आपलं. उचल. लिही.

ही पाच वर्षांची होती तेव्हा हिला धाप लागायची. छाती भात्यासारखी. औषध चालू होतं, पण औषधाला वेळ लागायचा आणि ही भ्यायची, आणि भ्याली की आणखी धाप. तुझी आई रडायची, मी बाम चोळत बसायचे, कशाचा उपयोग नाही. तू नऊ वर्षांचा घुम्या. कुणी काही सांगितलं नव्हतं तुला. माझ्या लोखंडी पलंगावर तिला टेकवलेलं असायचं आणि तू डोक्याकडच्या दांडीवर चमचा वाजवायचास. ठक. मग थांबायचास. ठक. ती त्या ठकावर श्वास घ्यायची आणि पुढच्या ठकावर सोडायची. हळूहळू तू ठक लांबवत न्यायचास आणि तिचा श्वासही लांबायचा. मग त्या ठकांच्या मधे ही काहीबाही बडबडायला लागली. आजी वेडी, ठक, भाजी सडकी, ठक. तिथून सुरू झालं हिचं सगळं. ठेका तुझा होता, घुम्या. कात्रीला धार लावणारा तू.

आणि त्याच पोरीचे श्वास तूच कापलेस. म्हणून लागलं तिला. शब्द कापले असतेस तर चार दिवस भांडली असती आणि पाचव्या दिवशी तुझी बिस्किटं पळवली असती.

मला गाण्यातलं कळत नाही. मला चादरीतलं कळतं. मी लाँड्रीत कामाला होते तेव्हा हॉस्पिटलच्या चादरी यायच्या, डोंगरच्या डोंगर, आणि घडीला दोघी लागायच्या. माझ्यासमोर जी असायची तिचं माझं पटलं नाही कधी. तिला माझं हसणं खुपायचं, मला तिचं नाक. पण चादर हातात आली की ती एक पाऊल पुढे, मी एक पाऊल पुढे, टोकाला टोक. मी घाई केली की ती सैल सोडायची. ती रेंगाळली की मी थांबायचे. इतकी वर्षं, पण चादर जमिनीला लागू दिली नाही. एकमेकींना साधं "बरी आहेस का" विचारलं नाही, ते वेगळं.

कात्री म्हणतेय, आजी, चादरीची गोष्ट त्याने शंभर वेळा ऐकलीय. बरं. मग ही एकशेएकावी.

तू लिहिलंयस, ती गायिका अठ्ठावीस तारखेला येतेय, कंपनीने ठरवलंय, मी काय करणार. अरे, तुझ्या हातात गिटार आहे. कंपनीवाल्याच्या हातात नुसता कराराचा कागद. कोण कुणाला घाबरतंय?

तुझी आजी

ता. क. : शेवटी लिहिलंयस की कापलेले श्वास टाकून दिले नाहीत, वेगळे जपून ठेवलेत. श्वास कसे जपतात रे? बरणीत?

२२ जून, संध्याकाळ

घुम्या,

पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, फक्त बोटाएवढा पेनड्राइव्ह. मी म्हटलं, आला, आपला जुना घुम्या परत आला.

तुझ्या आईने तो टीव्हीला लावला. मी, ती आणि कात्री. आधी काहीच नाही. मग... "हाऽ". थोडं थांबून पुन्हा "हा". मग नाकातून. मग एक लांब, दारावर ठोकण्याआधी घेतात तसा. शब्द एकही नाही. तुझी आई म्हणाली, बिघडलाय वाटतं, आणि रिमोट आपटायला लागली. मी तिचा हात धरला.

अरे, मी ओळखले सगळे. हा भांडण काढायच्या आधीचा. हा खोटं बोलायच्या आधीचा. हा हसू दाबलेला. आणि एक मधलाच, बारीक शिट्टी वाजणारा, पाच वर्षांच्या वेळचा, तो अजून आहे तिच्यात. मला वाटायचं गेला. तू एकही टाकला नाहीस. ओळीने लावलेस, मोती ओवावेत तसे.

कात्री उठली आणि मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. तुझी आई म्हणाली, जाऊ का? मी म्हटलं, बस.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. ठक. मी आपली भाजी निवडत होते, मान वर केली नाही. ठक. आणि मग तिचं बोलणं सुरू झालं. तुमच्या गाण्यातलंच, पण सावकाश. अडखळली, पुन्हा सुरू केलं. एकटीनेच ठेका धरायचा आणि एकटीनेच बोलायचं, जमत नव्हतं. एका हाताने चादरीची घडी घालतात का?

हे झालं शुक्रवारी. आज रविवार. आज तिने स्वतः कागद आणला आणि म्हणाली, "आजी, पत्र लिहायचं नाही का?" मी मुद्दाम म्हटलं, कुणाला? माझे तर सगळे इथेच आहेत. म्हणाली, "नाटकं करू नकोस."

मग माझी अट तिने मोडायला मागितली. एक वाक्य तिचं स्वतःचं. मी म्हटलं, एकच, जास्त नाही, तुझं तोंड मला माहीत आहे. आता गंमत बघ. जिला बोलताना कधी पूर्णविराम सापडत नाही ती हा एवढा वेळ पेन चावत बसलीय. चहा गार झाला. घे बाई, लिही एकदाचं, उद्या सकाळी पोस्टाची पेटी उघडायच्या आत टाकायचंय.

जाड्याला सांग पळू नकोस, आणि तू माझ्यासाठी जागा सोड, भरायचं मी बघते.

लिहिलं. काय लिहिलं मला माहीत नाही. वाच म्हटलं तर म्हणते, "हे तुझ्या पत्रातलं नाही, माझ्या पत्रातलं आहे." म्हणजे पाकीट एक, पत्रं दोन, तिकीट माझं.

आज आशीर्वादही घे. राखून ठेवलेले होते, खराब व्हायला नकोत.

तुझी आजी

२७ जून, दुपार

घुम्या आणि कात्री, दोघांना,

हे पत्र औषधवाला लिहितोय, त्यामुळे वाचता आलं तर देवाची कृपा. उद्या तो स्वतःच स्टुडिओच्या वाटेवरच्या घाऊक दुकानात माल आणायला येणार आहे, तेव्हा पाकीट हातात देईल. मी म्हटलं, लिही, "सावकाश". तर मला विचारतो, जेवणाआधी की जेवणानंतर?

घुम्या, तुझा काल फोन आला तेव्हा मी शेजारीच होते, तुमचं सगळं संभाषण ऐकलं. ऐकायला लागलंच किती? तू म्हणालास, "पलंगाची दांडी घेऊन ये." ही म्हणाली, "डोक्याकडची?" तू म्हणालास, "हं." ही म्हणाली, "बरं." झालं! भांडायला अख्खी चाळ गोळा केलीत, वरखाली केलीत, मला महिनाभर झोप नाही, आणि समेट एवढ्यात? निदान माझ्यासाठी तरी जरा रडायचंत.

कात्रे, बस वेळेवर लागली ना? तू ती दांडी माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून निघालीस तेव्हा समोरच्या बाकावरचा माणूस उठून लांब जाऊन बसला, असं तुझी आई सांगत आली. बसायचाच. मी असते तर मीही उठले असते. तुझ्या आईने पाना घेऊन ती दांडी सोडवली तेव्हा म्हणाली, आई, पलंग आता एका बाजूने कलणार. कलला. काल मी उतारावर झोपले. डोक्याखाली तुझ्या शाळेची पुस्तकं घातली, अखेर कुणाच्या तरी डोक्यात गेलं म्हणायचं शिक्षण.

थट्टा पुरे. मला धाकधूक आहे. घुम्या, तू दांडी मागवलीस, पण त्या कंपनीच्या माणसाला सांगितलंस का? त्या गायिकेला सांगितलंस का? फोनवर विचारलं तर म्हणालास, बघू. हे "बघू" म्हणजे तुझ्या "हं"चं धाकटं भावंड. ही पोरगी दांडी घेऊन दारात उभी राहील आणि आत ती बाई माइकसमोर असेल, तर? एकदा परत पाठवलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही रे. ही तर नाहीच येणार. मी ओळखते, माझंच रक्त आहे.

तू बोलायला हवंस. गिटारने नाही, तोंडाने. एक वाक्य. मोठं नको.

आणि त्या गायिकेशी नीट वागा. बोलावलेलं माणूस आहे ते. तिचा काय दोष?

तुमची आजी

(औषधवाल्याने खाली "कळावे" लिहिलंय. मी सांगितलेलं नाही. त्याच्याशिवाय त्याला थांबता येत नाही म्हणे.)

१८ नोव्हेंबर, सकाळ

कात्रे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? हो, तोच. बँडला पंधरा दिवस सुट्टी आहे म्हणून आलाय आणि जेवून झोपतोय, झोपून जेवतोय. मी म्हटलं, रिकामा बसलायस तर लेखणी धर. अट तीच : शब्दाला शब्द. तुझ्यापेक्षा बरा आहे, वाद घालत नाही. पण इतका सावकाश लिहितो की मी काय बोलत होते ते मलाच आठवत नाही.

काल तुझा फोन झाला. मी विचारलं, जेवलीस का? तू म्हणालीस, हं. त्या गायिकेबरोबरचा कार्यक्रम कसा झाला? हं. घुम्याने हे केलं तर मी पत्र लिहिते. तू केलंस तेव्हा मी तुझ्या आईला हाका मारल्या. मग तुझ्या आईने जाड्याला विचारलं, जाड्याने त्या गायिकेच्या माणसांना विचारलं, तेव्हा कळलं. एवढ्या मोठ्या स्टेजवर पहिल्याच ओळीला तुझा श्वास अडकला. गायिकेने सांभाळून घेतलं, तुझी ओळ तिने गुणगुणून काढली, लोकांना कळलंही नाही. पण तुला कळलं. आणि आता तू त्या माणसांना म्हणालीस म्हणे, उरलेले कार्यक्रम नकोत, मी घरी जाते.

ये. घर तुझंच आहे. पण आधी एक ऐक, मग पिशवी भर.

त्या स्टुडिओतल्या दिवसाचं आम्हाला तू सांगितलंस ते तुझ्या बाजूचं. तू काचेच्या आत, माइकच्या खोलीत होतीस. काचेच्या बाहेर काय झालं ते तुला ऐकू गेलं नव्हतं, आणि ह्या शहाण्याने पाच महिने कुणाला सांगितलं नाही. काल तू फोन ठेवल्यावर बोलला. म्हणजे मीच बोलायला लावलं, ताट ओढून घेतलं समोरचं.

कंपनीचा माणूस म्हणत होता, मुलगी चांगली आहे पण नुसतं बोलणं कोण ऐकणार, सूर पाहिजे, आणि बाई आल्यात तर आता त्यांनाच गाऊ दे. सगळे ह्याच्याकडे बघत होते. जाड्या सांगतो, घुम्या गिटारच्या खुंट्या पिळत बसला तेव्हा त्याला वाटलं, गेलं, हा आता "हं" म्हणणार. आणि मग हा म्हणाला, "ती जागा तिची आहे. श्वासासकट. नाहीतर आमचं गाणं नाही."

हे लिहिताना कान लाल झालेत ह्याचे. लिही, "लाल झालेत".

गायिकेने ऐकलं आणि हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. म्हणाली, "मग मी शेवटच्या ओळींत वरच्या सुरात येते. तोपर्यंत मला ऐकू तरी दे." आणि खुर्ची ओढून बसली. म्हणून तर नंतर तिने तुला तिच्या कार्यक्रमांत नेलं. दया म्हणून नाही नेलं, बाई. तिने तुझे श्वास ऐकलेत. अडकले तरी ती वाट बघेल. मी तिला गुळगुळीत म्हणाले ते मागे घेते. केसांचं कायम.

मग ह्याने स्टँडला दांडी बांधली आणि जाड्याला समोर बसवलं. म्हणाला, माझ्याकडे बघ, ड्रमकडे नको. ठक. जाड्याची पळायची इच्छा झाली की हा डोळे वटारायचा. रॉक बँड म्हणवता आणि ठेका म्हातारीच्या पलंगाचा! परवा औषधवाल्याच्या दुकानात ते गाणं रेडिओवर लागलं. एक गिऱ्हाईक विचारत होतं, हे मधे टक टक वाजतं ते कुठलं वाद्य? औषधवाला म्हणाला, वरच्या मजल्यावर आहे, पण सध्या त्याखाली पुस्तकं लावलीत.

आता तुझं. तिथे स्टेजवर घुम्या नाही, जाड्या नाही, दांडी नाही. तू एकटी, समोर सगळी डोकीच डोकी. भीती वाटणार. पण मी एक विचारते. लहानपणी धाप लागायची तेव्हा हा चमचा वाजवायचा. मग एक दिवस ह्याची परीक्षा होती, हा शाळेत, आणि तुला धाप लागली. मी चमचा शोधत स्वयंपाकघरात धावले. परत येते तर तू पलंगावर बसून, बोटाने, आपल्याच गुडघ्यावर. ठक. तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी दारात उभी राहिले आणि चमचा परत नेऊन ठेवला.

तेव्हा गुडघा आहे ना जागेवर? मग दांडी कशाला हवी?

तरी यायचं तर ये. कधीही ये. जागा सोडलेली आहे. पण श्वास अडकला म्हणून येऊ नकोस. माझी आठवण आली म्हणून ये. मला ते ऐकायला जास्त आवडेल.

आता हा लिहायचा थांबलाय. मी बोलायची थांबले तर हा पेनाचं टोक टेबलावर वाजवतोय. ठक. मी म्हटलं, अरे चालू दे, अजून संपलं नाही. तर इथे ह्याने एक ओळ रिकामी सोडली. मी विचारलं, हे काय, कागद वाया का घालवतोस? म्हणतो, "राहू दे आजी. ती तिची आहे."

 

घेतलास श्वास? आता जा, लोक वाट बघतायत.

तुझी आजी

(या वेळी खालचा डाग चहाचा आहे. ह्याच्या कोपराने सांडला. अंगठा शेजारी आहे, तो माझा.)